निळा बल्ब

“तिले कायले विचारून राहिला? थे कॉन्व्हेंटवाली, आपल्यासंग बोलते का?” मामी माझ्याकडे बघून हसत दादाला म्हणाली. तुमसरला, भाताच्या मिलच्या कोंड्याच्या वासात, माझ्या या मामेभावानं रेडिओच्या खोक्यात तीन बल्ब बसवले होते. टेप लावली की ढोलकीला लाल, गाणाऱ्याच्या आवाजाला हिरवा आणि बासरीला निळा उजळायचा. पण कितीही बटणं फिरवली तरी लालच अख्ख्या भिंतीवर लाटांसारखा पसरायचा. त्याखाली निळा अगदी पुसट, झोपेत श्वास घेतल्यासारखा हलताना मला दिसत होता. “निळा काढूनच टाकतो,” दादा वैतागला. मी मनात शुद्ध वाक्य जुळवत होते. आजही कोंड्याचा वास आला की तो निळा डोळ्यांपुढे हलतो, आणि ऐकू येतं ते तेव्हा माझ्याच तोंडून निसटलेलं बोलणं: “दादा, नोको काढू! लाल कमी कर नं, मले निळा पाह्याचा आहे.”