भिरभिरे मास्तरांची दोरी

भिरभिरे मास्तरांना मी कधी बसलेले पाहिले नाही. भाकरीही ते उभ्यानेच खात, दोन घास डायनामोपाशी, दोन खिडकीत. ठाण्याच्या खाडीकाठच्या ख्रिस्ती वस्तीतले ते. खरे नाव निराळे. कल्याणजवळच्या आमच्या कापडगिरणीत विजेचे दिवे आले तेव्हा ते सांभाळायला मास्तर आले आणि सूत गुंडाळणाऱ्या बायकांनी आठवडाभरात त्यांचे हे बारसे केले. मी तिथे हजेरीबाबू होतो.

पूर्वी सूर्य मावळला की गिरणी सुटे. दिवे आले आणि पाळी लांबली. त्यामुळे फ्यूज उडून अंधार झाला की बायकांत खुसखुस सुरू होई. गोदूबाई तर मोठ्याने म्हणे, "मास्तर, बुडालेला सूर्य कशाला ओढून काढता? राहू द्या की."

"बाय, तू तुझं सूत बघ गो," असे म्हणत मास्तर पळत.

फ्यूज म्हणजे चिनी मातीच्या बैठकीत अडकवलेली शिशाची बारीक तार. झेपेपेक्षा जास्त वीज धावली की ती आधी वितळते आणि पुढचे वाचते. ती गेली की हा सतत धावणारा माणूस खटका पाडी, कंदील माझ्या हाती देई आणि स्वतःचे दोन्ही हात पाठीमागे बांधी. "आधी डोळे, मग हात." दिवे जास्त जोडले का, तार कुठे उघडी पडली, ओल कुठे धरली, सगळे बघून होई. कारण सापडल्याशिवाय नवी तार नाही, आणि नवी तार जुनीएवढीच बारीक.

एका आषाढात फ्यूज वरचेवर उडू लागली. मास्तर बायकांना सामील आहेत, असा गिरणीच्या मॅनेजर साहेबांचा ग्रह झाला. पुन्हा अंधार झाला तर नोकरी गेली समजा, असे त्यांनी बजावले. मास्तरांच्या पगारावर घरी आई आणि दोन धाकटे भाऊ होते.

दोनच दिवसांनी, ऐन तिन्हीसांजेला, फ्यूज पुन्हा उडाली. कंदील घेऊन मी मागे आणि मास्तर पुढे. गुंडाळणी खात्यात ते थबकले. तारा ज्या लाकडी पट्टीतून नेल्या होत्या तिच्या खिळ्यावर गोदूबाईचे येताना पावसात भिजलेले लुगडे वाळत होते. पाणी निथळून थेट तारांच्या जोडात उतरत होते.

"मास्तर, मला काय ठाऊक..." गोदूबाई म्हणाली.

"ठाऊक नव्हतं ना? मग काढ ते, साहेब येतोय."

साहेब आलेच. "कारण?"

"जोडात ओल शिरली, साहेब."

"कुणामुळे?"

मास्तर जोड पुसू लागले.

"मग तांब्याची जाड तार घाला. जळायलाच नको."

"तार नाही जळणार, साहेब. कापूस जळेल."

"जाड तार घाला, नाहीतर उद्या येऊ नका."

साहेब गेल्यावर मी म्हटले, "मी सांगतो त्यांना खरे काय ते."

"सांगा. तिची नोकरी जाईल आणि माझी राहीलच असं नाही. एकीत भागतंय तर दोन कशाला घालवता?"

त्यांनी जोड कोरडा करून नव्याने गुंडाळला, बारीकच तार घातली, दिवे लावले. मग बॉयलरच्या उबदार भिंतीलगत एक दोरी ताणून बांधली, दोन हिसके देऊन पाहिली आणि ठाण्याची गाडी गाठायला नेहमीसारखे पळत सुटले. पुन्हा ते गिरणीत दिसले नाहीत.

फ्यूजही पुन्हा उडाली नाही. "पाहिलेत, बाबू?" साहेब मला म्हणत. "माणूस गेला, रोग गेला."

बायका ओली लुगडी त्या दोरीवर वाळवत आणि दर पावसाळ्यात ती बदलत राहिल्या. एकदा फेरीवर असताना साहेबांचे डोके तिला अडले. "ही कुणाची दोरी?"

गोदूबाईने रिळावरची नजर काढली नाही. "भिरभिरे मास्तरांची. तुम्ही काढलंत ना त्यांना, त्या दिवशी बांधून गेले."