नऊ वाजता उघडणारी वेटिंग रूम

पहिली अकरा पानं ओडेट थिबोने निमूट वाचली. बाराव्या पानावर तिने चष्मा काढला, स्वेटरच्या टोकाने पुसला, परत लावला आणि तीच ओळ पुन्हा वाचली. '१९७४ साली रेल्वे कंपनीने मेरिल फॉल्सचे स्टेशन बंद करण्याचे ठरविले होते. परंतु तत्कालीन महापौर लेस्टर क्रॅन्डल यांच्या दूरदृष्टीमुळे ते वाचले.'

समोर ग्रँट पेलम कॉफीचा कप धरून बसला होता. हा शाळेतून निवृत्त झालेला मास्तर, गावात येऊन नऊ वर्षं झालेली, आता इतिहास समितीचा सचिव. स्टेशनला एकशेदहा वर्षं होणार म्हणून त्याने पुस्तिका लिहिली होती. अडतीस वर्षं तिथल्या तिकीट खिडकीत बसलेल्या बाईच्या चार गोड आठवणी शेवटच्या पानावर चौकटीत टाकाव्यात, एवढ्यासाठी तो तिच्या स्वयंपाकघरात आला होता.

"हे कुणी सांगितलं तुम्हाला?" ओडेटने विचारलं.

"महापौरांच्या कागदपत्रांत आहे, मिसेस थिबो."

"असणारच. लिहिलीत कुणी ती? त्यानेच ना?"

ओडेटचा राग तसा गावाला नवा नव्हता. तिकीट मागताना कुणी कानाला फोन लावलेला असला तर ती खिडकीचा पडदा खाली ओढत असे. पण त्या दिवशीचा राग वेगळा होता. सत्त्याहत्तराव्या वर्षी आपलं अख्खं आयुष्य दुसऱ्याच्या नावावर चढलेलं बघितल्यावर कुणाच्याही तळपायाची आग मस्तकात जाईल.

चौऱ्याहत्तर साली घडलं होतं ते असं. कंपनीने कागद दाखवला की मेरिल फॉल्सला दिवसाला जेमतेम एकोणीस माणसं गाडीत चढतात. प्लॅटफॉर्मवर तर रोज तीनशे माणूस उभं असायचं. पण कंपनी माणसं मोजत नव्हती, खिडकीवर विकलेली तिकिटं मोजत होती. आणि आमच्या गावची माणसं महिन्याचा पास काढायची बोस्टनला, दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत. सकाळी इथे कुणाला दम होता? जो तो तोंडात डोनट आणि हातात बुटाची नाडी अशा अवस्थेत पळत यायचा. म्हणजे चढायचं इथे आणि नोंद व्हायची तिथे. आपल्याच स्टेशनच्या गळ्याला आपण फास लावतोय, हे तीनशेपैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

आलं ते ओडेटच्या. मग दोन महिने ती पहाटे साडेचारला खिडकी उघडायची, आणि गाडी येईपर्यंत प्लॅटफॉर्मवर फिरून एकेकाला फैलावर घ्यायची. "पुढचा पास माझ्याकडून काढायचा. नाही काढलास तर जानेवारीपासून बोस्टनला चालत जा." तिच्या नवऱ्याच्या बॉसलाही तिने सोडलं नाही. दोन महिन्यांनी कंपनीच्या कागदावर आकडा आला तीनशे बारा, आणि कंपनीने शेपूट घातलं. त्या वेळी क्रॅन्डल काय करत होता? स्टेशन पाडून तिथे मोटारी लावायला जागा करायचा नकाशा घेऊन फिरत होता. स्टेशन वाचल्यावर मात्र फोटोत पहिला.

"हे लिहा," ओडेट म्हणाली.

पेलमने खोकून घसा साफ केला. "याला कागदोपत्री पुरावा नाही हो. आणि खरं सांगायचं तर पुस्तिका छापायला गेली आहे, शेवटचं पान तेवढं थांबलंय. वेटिंग रूम बिअरवाल्याला देण्याआधी समारंभ उरकायचाय."

"काय देण्याआधी?"

तेव्हा तिला कळलं. कौन्सिल वेटिंग रूम भाड्याने देणार होती. ओकच्या लांब बाकांची, उंच खिडक्यांची, नदीचा वारा बाहेर ठेवणारी गावातली ती एकच खोली. तिथे बिअरची पिंपं येणार, आणि प्रवाशांना प्लॅटफॉर्मच्या टोकाला प्लास्टिकचा आडोसा. कारण काय, तर पाहणी झाली होती. वेटिंग रूममध्ये दिवसाला सरासरी तीन माणसं बसतात.

"मोजलं कधी?"

"सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच."

तिकिटाचं मशीन लागलं आणि तिला घरी बसवलं, त्यानंतर गेली चौदा वर्षं त्या खोलीचं दार नगरपालिकेचा माणूस नऊला उघडत होता. बोस्टनची सकाळची शेवटची गाडी आठ दहाला जाते.

"म्हणजे दार बंद ठेवायचं, आणि आत कुणी नाही म्हणून ओरडायचं," ती म्हणाली. "चौऱ्याहत्तरचीच गंमत. फक्त तेव्हा चोर परगावचे होते."

पुढच्या सोमवारी ती कौन्सिलच्या बैठकीत गेली आणि अध्यक्षा शीला ड्रिस्कॉलला सुनावून आली. शीला पोरगी असताना ओडेटच्या खिडकीवर शाळेचा पास काढायची, त्यामुळे तिला फारसं तोंड वर करता आलं नाही. ठरलं ते असं: नोव्हेंबरातला एक आठवडा, सोमवार ते शुक्रवार, दार पहाटे साडेपाचला उघडायचं, किल्ली ओडेटकडे, दारात उभं राहून पेलम मोजणार. पन्नास माणसं एका सकाळी आत बसली तर खोली प्रवाशांची. नाहीतर बिअर.

सोमवारी ओडेटने दार उघडलं, हीटर लावला, बाकं पुसली. बाहेर कडाक्याची थंडी होती. प्लॅटफॉर्म माणसांनी भरला. आत आली दोन माणसं, त्यातला एक बाथरूम शोधत होता.

मंगळवारी चार.

पेलमच्या चेहऱ्यावर दया दिसत होती, आणि त्या दयेने ओडेटचं पित्त आणखी खवळलं. ती तरातरा बाहेर गेली. माणसं नदीच्या वाऱ्यात खांदे आवळून उभी, प्रत्येक जण आपापल्या ठिकाणी, खिळा ठोकल्यासारखा. हॉस्पिटलात नर्स असलेली मिर्लांद तिसऱ्या खांबाजवळ पाय आपटत होती.

"पोरी, आत हीटर आहे. दिसत नाही का?"

"दिसतो ना, मॅडम ओडेट. पण दुसऱ्या डब्याचं दार इथे लागतं." मिर्लांदने बुटाने जमीन दाखवली. "मी आत गेले की तो टोपीवाला इथे सरकणार. मग बोस्टनपर्यंत उभी. बारा तासांची ड्यूटी आहे माझी."

"मी सरकणार नाही," टोपीवाला म्हणाला.

"मागच्या गुरुवारी कोण सरकलं होतं? तुझा भाऊ?"

ओडेटला हसूही आलं नाही. तिच्या काळीही जागा होत्याच. पण तेव्हा माणसं आपापल्या जागेवर बॅग ठेवून आत बसत. गाडीला दोन मिनिटं राहिली की ती दारात येऊन हाक मारायची, मग सगळे एकदम उठायचे. बॅगांची रांग मोडायची कुणाची छाती नव्हती. आता दर पाच मिनिटांनी भोंग्यातून सूचना येते की बेवारस बॅग जप्त होईल. कुलूप चौदा वर्षांपूर्वी दाराला लागलं होतं. माणसांनाही ते तेव्हाच लागलं, हे तिला आत्ता कळलं. आणि तिला त्या माणसांचाही राग आला, कौन्सिलचा आला होता तेवढाच. थंडीत कुडकुडतील, पण शेजाऱ्यावर वीतभर विश्वास टाकणार नाहीत.

बुधवारी ती नातीचे खडू घेऊन आली. गुडघे तिचे केव्हाच कामातून गेले होते, म्हणून खडू तिने झाडूच्या दांड्याला बांधला आणि पहिल्या खांबापासून सुरुवात केली.

"नाव?"

"कशाला?"

"जागेवर लिहायचंय. नाव सांग आणि आत जा. दोन मिनिटं आधी मी हाक मारीन. दुसऱ्याच्या नावावर जो उभा राहील त्याची गाठ माझ्याशी आहे."

मिर्लांद. वॉल्ट. डेनिझ. टोपीवाल्याचं नाव ऑगी निघालं. चार वर्षं एकमेकांच्या कोपरात कोपर घालून उभ्या असलेल्यांना एकमेकांची नावं त्या दिवशी कळली. बुधवारी एकवीस माणसं आत बसली. गुरुवारी सदतीस.

शुक्रवारी ओडेट आली तेव्हा प्लॅटफॉर्म धुतलेला होता, खडूची रेघसुद्धा शिल्लक नव्हती. स्टेशनचं विद्रूपीकरण होतंय अशी तक्रार आदल्या संध्याकाळी कुणीतरी केली होती. ती कुणी केली ते कधीच उघड झालं नाही, पण बिअरवाल्याचा मेहुणा नगरपालिकेत आहे हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. ओडेटने खिशात हात घातला तर बोटभर तुकडा उरला होता. दार उघडून ती सरळ आत जाऊन बसली. आयुष्यात पहिल्यांदाच तिला कुणाला ओरडावंसं वाटेना.

पावणेसहाला मिर्लांद तिसऱ्या खांबाजवळ आली. तिने जमिनीकडे पाहिलं, मग टोपीवाल्याकडे.

"माझं नाव कुठे होतं, ऑगी?"

"तुझ्या बुटाखाली."

"लक्षात ठेव," ती म्हणाली, आणि आत आली. तिच्यामागे वॉल्ट आला. मग ऑगी स्वतः आला. मग दाराशी गर्दी झाली आणि पेलमच्या हातातलं मोजणीचं यंत्र टकटक वाजत राहिलं. एकसष्ट.

बैठकीत आकडा वाचला गेला तेव्हा एक सदस्य उभा राहिला आणि म्हणाला, ही मोजणी धरता येणार नाही. ती नैसर्गिक नाही. एका बाईने माणसांना दामटून आत बसवलं आहे.

"बरोबर," ओडेट जागेवरूनच म्हणाली. "दामटूनच बसवलं. चौऱ्याहत्तर साली पासही दामटूनच काढायला लावले होते. ही मोजणी खोटी तर ती खोटी. मग स्टेशनच खोटं. पाडा उद्या, आणि लावा क्रॅन्डलच्या मोटारी. ग्रँट, पान बाराही फाडा, स्टेशन वाचलं असं लिहिलंय तिथे."

शीला ड्रिस्कॉलने मत टाकलं आणि एका मताच्या फरकाने वेटिंग रूम राहिली, पहाटे साडेपाचपासून उघडी. उघडणार कोण, असं विचारल्यावर सगळ्यांनी ओडेटकडे पाहिलं. पगाराचं कुणी बोललं नाही. ओडेटने ते बरोबर हेरलं, आणि किल्ली तरीही परत दिली नाही.

समारंभ डिसेंबरात झाला, सकाळी अकराला. त्या वेळी ना गाडी, ना प्रवासी. ओडेट गेली नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे दार उघडलं तेव्हा भिंतीवर पितळी पाटी होती: लेस्टर क्रॅन्डल यांच्या दूरदृष्टीस कृतज्ञतापूर्वक. खाली पुस्तिकांचा गठ्ठा होता आणि पान बारा जसंच्या तसं. तिच्या नावाची चौकट शेवटच्या पानावर होती. त्यात लिहिलं होतं की मिसेस थिबो यांच्या हसतमुख सेवेची आठवण जुने प्रवासी आजही काढतात.

"हसतमुख," ओडेट मोठ्याने म्हणाली. "मी."

मिर्लांद पाटीखालच्या बाकावर कॉफी पीत होती. तिने वर बघून वाचलं. "हा क्रॅन्डल कोण, मॅडम ओडेट?"

सांगायला अख्खी पहाट लागली असती, आणि गाडीला दोनच मिनिटं होती.

"कुणी नाही," ओडेट म्हणाली, आणि दारात जाऊन तिने हाक मारली. एकसष्टची सत्तर झालेली माणसं एकदम उठली, एकमेकांना वाट देत बाहेर गेली आणि कोऱ्या जमिनीवर बरोबर आपापल्या नावांवर उभी राहिली. गाडी गेल्यावर ओडेटने गठ्ठ्यातली पुस्तिका घेतली, पान बारा फाडलं, त्याची घडी करून डगमगणाऱ्या बाकाच्या पायाखाली घातली आणि बाक हलवून बघितलं. आता ते हलत नव्हतं.