तीन पौंड मध

लायल माझा मुलगा आहे, त्यामुळे त्याच्याबद्दल मी लिहिलेल्यातलं थोडं कमी करून वाचावं. वय एक्केचाळीस. शाळेच्या बसगाड्या जिथे दुरुस्त होतात, तिथे तो एकोणीस वर्षं काम करतो आहे. बोल्ट किती आवळायचा हे पुस्तकात लिहिलेलं असतं, आणि लायल तेवढाच आवळतो. त्याने दुरुस्त केलेली बस रस्त्यात बंद पडल्याचं मी ऐकलेलं नाही.

बिअरही तो तशीच करायचा. दुकानातून तयार सामानाची पेटी आणायची, आतला कृतीचा कागद भिंतीला चिकटवायचा आणि त्याबरहुकूम वागायचं. सहा वर्षं हेच चाललं. मग गेल्या जूनमध्ये, रविवारच्या जेवणात, त्याने स्वतःहून तोंड उघडलं.

त्याचे सासरे ऑर्विल सप्टेंबरात ऐंशीचे होणार होते. गुडघे गेल्यामुळे मधमाश्यांच्या पेट्या या उन्हाळ्यानंतर विकायच्या, असं त्यांनी नुकतंच जाहीर केलं होतं. तेव्हा लायल म्हणाला, "वाढदिवसाला मी तुमच्या मधाची बिअर करतो. दुकानच्या पेटीतली नाही. माझी."

ऑर्विल ताटातला बटाटा कापत म्हणाले, "तुला कोणी कागद देणार नाही हां त्याचा."

"माहीत आहे."

"मधाची शेवटची बादली आहे माझी. वाया घालवू नकोस."

जुलैत बासवुडच्या झाडांचा बहर संपल्यावर बारा पौंडांची बादली लायलच्या तळघरात आली. त्याने एका जाड कार्डावर पेन्सिलने कृती मांडली. पाच गॅलन पाण्याला नऊ पौंड माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेली बार्ली, कडूपणासाठी थोडीशी हॉप्सची फुलं, आणि तीन पौंड मध. लायल हा स्वच्छतेचा माणूस. मधात जंतू असतील म्हणून त्याने तो सुरुवातीलाच पातेल्यात ओतला आणि तासभर खळाखळा उकळला. वरचा फेस चमच्याने काढत राहिला. समोरच्या घरातली बाई विचारायला आली, काय भाजताय, इतका गोड वास येतोय!

बाटल्या भरल्यावर दर संध्याकाळी मी फोन करत होते. मधाच्या बाटल्या फुटतात असं मी कुठेतरी वाचलं होतं. "आई, एकही फुटलेली नाही," तो रोज सांगायचा. चौथ्या दिवशी त्याने फोन उचलताच सांगितलं, मी विचारायच्या आत.

ऑगस्टच्या मध्याला पहिली बाटली उघडली. बिअर स्वच्छ, सोनेरी. चव कोरडी, जराही गोड नाही, पातळ. मध कुठेच नाही.

लायल एक बाटली घेऊन बर्नडेटकडे गेला. माल्ट-यीस्टचं तिचं दुकान आहे, आणि गावात घरी बिअर करणाऱ्या प्रत्येकाच्या चुका तिला पाठ आहेत. तिने एक घोट घेतला.

"उकळलास?"

"तासभर."

"वास गल्लीत आला ना? मग बाटलीत कुठून येईल, राजा? आणि जी साखर राहिली, ती यीस्टने चाटूनपुसून खाल्ली. मधात साखरेशिवाय त्याला दुसरं काही मिळतच नाही."

"मग मधाची बिअर करतात कशी?"

बर्नडेटने फळीवरून एक पिशवी काढली आणि त्यातले चार दाणे त्याच्या तळहातावर ठेवले. त्याने चावून पाहिले. अगदी मध. "हनी माल्ट," ती म्हणाली. "नुसती बार्ली, भाजण्याची तऱ्हा वेगळी. एक पौंड घाल. सगळे म्हणतील, वा, काय मध आहे!"

सून जॅनिसने मला सांगितलं, तो दोन दिवस ते कार्ड खिशात घालून कामावर जातोय. शेवटी त्याने कार्डावर एक पौंड हनी माल्ट लिहिलं आणि त्याच्या खाली, तीन पौंड मध, तसाच ठेवला. या वेळी मात्र तो उकळला नाही. चौथ्या दिवशी, यीस्टचा जोर ओसरल्यावर, थंडच घातला.

वाढदिवस चर्चच्या सभागृहात होता. तळलेले मासे, कोबीची कोशिंबीर, केक. ऑर्विलनी ग्लास उजेडात धरला, एक घोट घेतला आणि डोळे मिटले.

"बासवुड," ते म्हणाले. "पुलापलीकडच्या पेट्या. मी झोपेतही ओळखीन."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. गोष्ट इथेच संपली असती, आणि संपावी असं मला मनापासून वाटत होतं. पण लायलने खिशातून कार्ड काढून सासऱ्यांपुढे धरलं.

ऑर्विलनी ते हात लांब करून वाचलं. "हे हनी माल्ट काय आहे?"

"बार्ली. मधमाशीचा काही संबंध नाही. तुम्हाला जी चव लागली ना, ती बहुतेक त्याची."

"आणि माझा मध?"

"तीन पौंड आहे. पण साखर यीस्टने खाल्ली. वास थोडा उरला असेल."

जॅनिसने डोक्याला हात लावला. ऑर्विलनी कार्डावरच्या मधाच्या ओळीवर बोट ठेवलं. "मग माझा मध यात करतोय काय?"

"बिअर हलकी करतोय," लायल म्हणाला. "तो नसता तर माल्टच्या गोडव्याने हे घशात चिकटलं असतं. पहिल्या ग्लासावरच तुम्ही थांबला असता."

ऑर्विलनी ग्लास पुन्हा तोंडाला लावला. आता डोळे उघडे होते. अर्धा संपवून त्यांनी तो खाली ठेवला.

"साठ वर्षं पेट्या उचलल्या, आणि बार्लीने मला फसवलं," ते म्हणाले. मग, "पुढच्या वेळी चार पौंड घाल. बादलीत आहे अजून."

लायलने आयुष्यभर सांगितलं तसं केलं आहे. त्याची मान होकारात हलण्याची मी वाट बघत होते.

"नाही," तो म्हणाला. "चार घातले तर पाणीदार होईल. तीनच बरोबर आहेत."

ऑर्विलनी कार्ड त्याला परत दिलं. "बरं. बिअर तुझी आहे," ते म्हणाले आणि ग्लास पुढे केला.