काचेमागचं मडकं

लेकीकडे परदेशात गेलो होतो, तेव्हा एके दुपारी आईला तिथलं संग्रहालय दाखवायला नेलं. काचेमागे मेक्सिकोतलं एक प्राचीन, तांबूस मडकं होतं. कुणा प्रवाशानं फार पूर्वी ते बोटीतून आणलेलं. आई तिथंच थबकली. बाबा गेले तेव्हा आमची मडकी भाजायची भट्टी विझली, आणि त्यानंतर आईनं मातीचा विषय कधी काढला नव्हता.

"हे चाकावरचं नाही रे. हातानं घडवलंय."

मी पाटी वाचली. खरंच, त्या लोकांकडे कुंभाराचं चाक नव्हतं.

"करणारीचं नाव लिहिलंय का?"

"नाही गं. आणणाऱ्याचं आहे."

आई हसली. "तुझे बाबा चाकावर मडक्याचा नुसता गळा घडवून द्यायचे. पोट मीच फुगवायचे, आतून दगड धरून, वरून लाकडी थापी मारत."

ती थपथप मला लख्ख आठवली. लहानपणी त्या आवाजानंच जाग यायची. तरी शाळेत, कचेरीत, अगदी लेकीलाही मी अभिमानानं सांगत आलो होतो, की गावभर माझ्या बाबांची मडकी होती.

मला आईकडे बघवेना.