अल्बमच्या सुरुवातीची घरघर

मित्रांनो, मी रेकॉर्डप्रेमींच्या या ग्रुपवर फारसं लिहीत नाही. आज लिहावंसं वाटलं.

माझा धाकटा भाऊ निनाद यंदा गेला. स्टोनर डूम मेटल, म्हणजे जड, घुमणाऱ्या गिटारचं रॉक संगीत, हा त्याचा जीव की प्राण. त्याचा आवडता अल्बम मी मागवला, पण निनादच्या खोलीतून ऐकू यायची ती सुरुवातीची गिटारच्या अँप्लिफायरची घरघर त्यात नव्हती. नव्या आवृत्तीत ती साफ केली आहे, हे तुम्हीच मला सांगितलंत.

आज इथे सौदीतल्याच, दम्मामला राहणाऱ्या आपल्या ग्रुपमधल्या सतीशभाऊंनी पहिल्या आवृत्तीची रेकॉर्ड ऐकायला घरी बोलावलं. घरघर सुरू झाली. ती तीच होती.

मग गिटार इतकी संथ वाजू लागली, की वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "अहो, स्पीड चुकलाय तुमचा!"

"चुकला नाही गं, हे असंच असतं."

"मग मशीनला धाप लागली असेल!"

आमची आई निनादला अगदी हेच म्हणायची. तो गेल्यापासून आज मी पहिल्यांदा हसलो.

एक बाजू संपल्यावर मी उठू लागलो, तर वहिनी बाहेर आल्या. "बसा हो भाऊजी, दुसरी बाजू पण ऐका. मी भात नंतर लावते."

सतीशभाऊ, वहिनी, मनापासून आभार. तुमच्यापैकी कुणी गेलेल्या माणसाचं संगीत असं कुणाच्या घरी बसून ऐकलंय का?