ठाकुर्लीच्या लिफ्टचा ब्रेक

गच्चीवरच्या मशीनरूममध्ये मी लिफ्टच्या ब्रेकच्या स्प्रिंगच्या नटाला पाना लावला आणि म्हात्रेकाका ओरडले, "मॅडम, त्याला हात लावू नका! आधीच्या मेकॅनिकने तो ढिला केला, तेव्हा कुठे लिफ्ट चालायला लागली."

म्हात्रेकाका ठाकुर्लीच्या त्या सोसायटीचे सेक्रेटरी. लिफ्ट मजल्याच्या खाली-वर थांबायला लागली, म्हणून त्यांनीच मला बोलावलेलं. मी ठाण्याहून लिफ्ट सर्व्हिसिंगची कामं करते.

लिफ्टचा ब्रेक उलटा असतो. एरवी स्प्रिंग तो घट्ट आवळून ठेवते. तो उघडते कॉइल, म्हणजे तांब्याच्या तारेचे शेकडो वेढे. करंट सोडला की कॉइल लोहचुंबक होते, आतला लोखंडी दांडा खेचते आणि ब्रेक सुटतो. करंट तुटला की चुंबक संपला, ब्रेक पुन्हा बसला.

मी मीटर लावला. पॅनेलवर व्होल्टेज बरोबर, कॉइलपाशी कमी. मधलं टर्मिनल, म्हणजे तारांचा जोड, सैल होऊन काळं पडलेलं. करंट कमी, म्हणून चुंबक अशक्त. त्याला स्प्रिंग झेपेना, तर आधीच्याने स्प्रिंगच ढिली केली. मग ब्रेक उघडू लागला, पण लिफ्ट नीट धरेना. टर्मिनलच्या उष्णतेने कॉइलही करपलेली.

"नवी कॉइल उद्या मिळेल. तोवर लिफ्ट बंद," मी म्हटलं.

"अहो, सहाव्या मजल्यावर माझी सून आहे. दिवस भरलेत तिचे. जिन्याने कशी उतरणार?"

"काका, इकडे बघा."

मी रिकामी लिफ्ट वर नेली आणि मध्येच करंट तोडला. ती जागच्या जागी थांबायला हवी होती. पुलीवरचा रोप सावकाश सरकत राहिला; पलीकडचं वजन रिकाम्या लिफ्टला वर ओढत होतं. म्हात्रेकाका त्याच्याकडे बघत उभे राहिले.

"भरलेली असली तर?"

"तर खाली सरकेल."

ते सहाव्या मजल्यावर गेले. सुनेला हाताला धरून, प्रत्येक मजल्यावर बसवत खाली आणलं. तळमजल्यावरच्या जोशीवहिनींनी तिला ठेवून घेतलं. मी मेन स्विच बंद करून 'लिफ्ट बंद'चा बोर्ड लावला.

दुसऱ्या दिवशी मी कॉइल बसवली, टर्मिनल बदललं, नट कसला. आता ब्रेक खट् करून उघडत होता. करंट तोडून पाहिलं. लिफ्ट जिथल्या तिथे. तेवढ्यात फोन वाजला.

"मॅडम, म्हात्रे बोलतोय. सुनेला सकाळीच हॉस्पिटलला आणलेलं. मुलगी झाली."

"अरे वा! अभिनंदन, काका."

"हां. लिफ्ट चालते का आता?"

लिफ्ट चालते का, हे सगळेच विचारतात. थांबते का, ते आपणच बघून घ्यायचं.