सायकलवाली माय

सायकलवरून खाली न उतरता दाढी करून घेणे ही हेमलाची खासियत होती. न्हावी वाटी घेऊन शेजारून चालायचा, हेमला एका हाताने हँडल धरून गाल पुढे करायचा आणि लोक टाळ्या वाजवायचे. जेवण, आंघोळ, सदरा बदलणे, सगळे चाकावरच. लघवीला जायचे तर दोन माणसे धोतराचा आडोसा धरून सोबत पळत. त्यालाही टाळ्या पडत.

पन्नास सालानंतरच्या वर्षांत वऱ्हाडातल्या बाजारगावांत असे खेळ होत असत. चुन्याने गोल आखायचा, मधे बांबूला झेंडा बांधायचा, आणि एका माणसाने तीन किंवा पाच दिवस पाय जमिनीला न लावता त्या गोलात फिरायचे. खूश झालेले लोक त्याच्या सदऱ्याला टाचणीने नोटा लावत. टाचणी कधी कधी कातडीत जाई. त्यावर फिरणाऱ्याने हसायचे असते.

हेमला बंजारा समाजाचा. शेलूबाजारपासून दोन कोसांवरच्या तांड्यात घर आणि बाजारात सायकल दुरुस्तीची टपरी. स्वतःच्या सायकलचे मागचे चाक त्याने असे करून घेतले होते की पॅडल उलटे मारले तर सायकल मागे येई आणि पाय थांबवले तर जागीच उभी राही. त्या चाकाच्या जोरावर त्याने दोनदा तीन दिवसांचा आणि एकदा पाच दिवसांचा खेळ केला होता. सात दिवस त्या भागात कोणी केले नव्हते.

त्याला एकच मूल, मोती. सहा वर्षांची झाली तरी बसत नव्हती. मान सावरत नव्हती, हातपाय ताठ, ओठातून लाळ. कमलीबाईने, म्हणजे तिच्या आईने, अंगारे-धुपारे सगळे करून पाहिले होते. शेवटी हेमलाने तिला अकोल्याला एका डॉक्टरकडे नेले. डॉक्टरने कागदावर चार ओळी लिहून दिल्या आणि तोंडी समजावले. हा पोलिओ नाही. जन्मताना मेंदूला इजा झाली आहे. यावर औषध नाही, पण मुंबईला अशा मुलांवर संशोधन चालू आहे. तिथे बसायला, गिळायला, वस्तू धरायला शिकवतात. वर्षभरात न्या, नंतर सांधे आखडतील. आणि हिला अचानक मोठा आवाज सोसत नाही, जपा.

मुंबईला नेणे म्हणजे दोघांनी सहा महिने तिथे राहणे. टपरीच्या कमाईत ते बसत नव्हते.

१९५७ च्या माघात रिसोडच्या मारोतरावांना ही गोष्ट कळली. मारोतराव मोठे जमीनदार. त्या वर्षी निवडणुका होत्या आणि तिकीट मिळाले नव्हते. पुढच्या खेपेसाठी नाव हवे होते. त्यांनी कमिटी काढली आणि हस्तपत्रके छापली: ‘पंगू बालकांच्या संशोधनार्थ सात दिवस अखंड सायकल.’ जमेल त्यातला अर्धा पैसा मुंबईच्या संशोधनाला आणि अर्धा मोतीच्या उपचाराला. अट एकच, सात दिवस पुरे झाले पाहिजेत. त्याआधी पाय टेकला तर सगळा निधी कमिटीकडे.

तांड्यातल्या माणसाशी असा करार नाईकाच्या, म्हणजे तांड्याच्या प्रमुखाच्या, मार्फत होतो. मदनसिंग नाईकाने मारोतरावांच्या हातात हात दिला. नाईकाने शब्द दिला की तो तांड्याचा शब्द. मोडणाऱ्याला पंचायतीपुढे उभे राहावे लागते.

सोमवारी सकाळी आठ वाजता रिसोडच्या धान्यबाजारामागच्या मैदानात खेळ सुरू झाला. लाउडस्पीकर गोपीचंदचा. लग्नामुंजीत भाड्याने लावायचा आणि बोलायचाही तोच. मोतीला जवळच्या एका घरात ठेवायचे ठरले होते. दुपारपर्यंत गर्दी जेमतेम पन्नास माणसांची. मारोतराव कमलीबाईकडे आले.

“बाई, पोरगी लोकायले दिसली पायजे. नुसता मानूस गोल फिरून राह्यला, त्याच्यात कोन पैसे टाकंल?”

मोतीला चुन्याच्या गोलाबाहेर खुर्चीवर बसवले. ती बसू शकत नव्हती, म्हणून छातीभोवती आणि कमरेभोवती लुगड्याच्या पट्ट्यांनी बांधली. खुर्चीच्या वर, बांबूला, कर्णा. गोपीचंदने लोकांना पटावे म्हणून डॉक्टरचा कागद कर्ण्यावरून वाचून दाखवला. ‘मोठ्या आवाजापासून जपावे’ ही ओळही त्याने खणखणीत आवाजात वाचली. मोती दचकली, दोन्ही हात बाजूला फेकले गेले, मान मागे वळली. पुढची माणसे हसली. मग कोणीतरी तिच्या मांडीवर एक आणा टाकला.

हेमला दर फेरीला तिच्यासमोरून जायचा. एका मिनिटात तीन फेऱ्या. त्याने गोपीचंदला सांगितले, “भाऊ, तो कर्णा तिकडे फिरव.”

“तू गाडी सांभाळ ना बे. लोकं तिकडूनच येऊन राह्यले.”

कर्णा फिरवला नाही. तिसऱ्या दिवशी हेमलाच्या मांड्या सोलवटल्या आणि जखमांचे पाणी धोतरात उतरू लागले. वास येत होता. उदबत्त्या आणल्या, त्या मोतीच्या खुर्चीपाशी लावल्या, कारण खुर्ची गोलाच्या काठाला होती आणि वारा तिकडून येत होता. एवढाच हेतू होता. पण खुर्ची, बांधलेली मुलगी आणि समोर उदबत्त्या असे चित्र तयार झाले.

गुरुवारी आसेगावकडची एक बाई आली. फिरणाऱ्याच्या चाकापुढे नारळ फोडायची रीत आहे, ती तिने पाळली. दगड मात्र खुर्चीपाशी होता. नारळ फुटला तसे मोतीचे सगळे अंग ताठ झाले, डोळे वर गेले आणि घशातून घोगरा आवाज निघाला. त्या बाईने कपाळ जमिनीला टेकवले.

“अंगात आलं हो! मायनं हुंकार देला!”

कमलीबाई म्हणाली, “बाई, तिले दचका बसला. आवाजानं होते तिले तसं.”

“तू गप बस. आईले कुठं समजते, पोटी काय जलमलं ते!”

तासाभरात मोतीच्या कपाळभर कुंकू होते. डोळ्यांत गेले म्हणून ती रडत होती. रडणेही लोकांनी कौल समजून घेतले. डावा हात हलला तर काम होणार, उजवा हलला तर नाही, हे कोणी ठरवले ते कळले नाही. एक माणूस हरवलेल्या बैलाबद्दल विचारून गेला. एकाने सासऱ्याची जमीन आपल्याला मिळेल का विचारले, डावा हात हलेपर्यंत तीन नारळ फोडले. शाळेचे मास्तर आले होते. डॉक्टरचा कागद त्यांनी ऐकला होता. त्यांनीही बदलीचे विचारले.

मारोतरावांनी नारळाचा ढीग मागवला. नोटा आता हेमलाच्या सदऱ्याला लागत नव्हत्या. त्या मोतीच्या परकराला टोचत होत्या, घाईघाईत, आत काय आहे ते न बघता. तिच्या मांडीवर टाचण्यांचे लाल ठिपके उठले. कमलीबाई रात्री ते खोबरेल लावून पुसायची आणि सकाळी पुन्हा मुलीला बांधायची. तीच बांधत असे. दुसऱ्या कोणी बांधले तर गाठ रुतायची.

शनिवार बाजाराचा दिवस. दुपारी बाराच्या सुमारास मैदानात पाय ठेवायला जागा नव्हती. सहावा दिवस, चव्वेचाळीस तास उरले होते. गोपीचंदला तोवर आणखी एक गोष्ट सापडली होती. माइक कर्ण्यासमोर धरला की शिट्टी वाजते, आणि त्या शिट्टीने मोती नारळापेक्षा जोरात उडते. नारळाला वेळ लागतो. शिट्टी हवी तेव्हा काढता येते.

“बोला, सायकलवाली मायचा...” आणि शिट्टी.

मोतीने जीभ चावली. हनुवटीवरून लाळेसोबत रक्त उतरले. पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याने ते बोटाने टिपून आपल्या कपाळाला लावले.

हेमला तेव्हा खुर्चीसमोर होता. त्याने पॅडल थांबवले. सायकल जागीच उभी राहिली, ते चाकच तसे होते. मग त्याने पाय खाली टेकला.

पाच दिवस पाय जमिनीला लागले नव्हते, त्यांना अंगाचा भार पेलला नाही. तो पडला. गुडघ्यांवर आणि हातांवर खुर्चीपर्यंत गेला आणि दातांनी गाठ सोडू लागला, कारण बोटे हँडलच्या आकाराची होऊन बसली होती.

“पाय टेकला! पाय टेकला!” गोपीचंद ओरडला. सवयीने माइकवरच.

मारोतराव गर्दीतून वाट काढत आले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता.

“ऊठ बावा. टेकला तं टेकला. सायकल जाऊ दे चुलीत. कोन पायते सायकलीकडे?”

हेमला गाठीशीच होता.

“पोरगी ठेव. सोमवारपावतर अशीच बसू दे. मी चार मानसांपुढे सांगतो, तुह्या वाट्याचा पैसा तुले भेटन. मुंबईचा खर्च निघते, वरून उरते.”

हे ते खरेच बोलत होते. त्यांनी तो पैसा दिला असता. त्यांना त्याहून जास्त मिळणार होते.

कमलीबाई पुढे आली. “अवो, दोनच दिवस हायेत. सहा दिवस सोसलं तिनं. आता उठवलं तं सारं फुकट गेलं.” ती वाईट आई नव्हती. मुंबईचा हिशेब तिने सहा दिवस खुर्चीमागे बसून केला होता.

“तिले मुंबईले कायले न्यायचं होतं?” हेमलाने विचारले.

“बसता यावं म्हनून.”

“मंग हे काय हाये?”

शेवटची गाठ सुटली. मोती त्याच्या अंगावर कलंडली. त्याला तिला उचलता येईना. कमलीबाईने मुलीला खांद्यावर घेतले. नोटा टोचलेला परकर तिने तिथेच उतरवून खुर्चीवर टाकला आणि मोतीला आपल्या ओढणीत गुंडाळले. गर्दीने वाट दिली, पण पाया पडत दिली. हेमलाला सायकलला टेकवून दोन माणसांनी बैलगाडीपर्यंत नेले.

मैदान रिकामे झाले नाही. संध्याकाळपर्यंत लोक परकर ठेवलेल्या खुर्चीपुढे नारळ फोडत होते.

आठ दिवसांनी तांड्यात पंचायत बसली. मदनसिंग नाईकाने सगळे ऐकून घेतले, कुंकवाचे, शिट्टीचे, रक्ताचे.

“वाईट झालं,” तो म्हणाला. “पन शब्द पोरीचा नव्हता देला मी. सायकलीचा देला होता. पाय टेकला का नाही?”

“टेकला.”

“मंग?”

दंड म्हणून हेमलाने बकरा दिला. पंगत झाली, हेमलाही रीतीप्रमाणे जेवला. हात धुतल्यावर नाईक त्याच्या घरी आला. मागे त्याची सून होती, पदराखाली नारळ.

“आपल्यात कायचा पडदा,” नाईक हळू आवाजात म्हणाला. “पाच साल झाले, हिले लेकरू नाही. एकडाव पोरीपुढे फोडू दे. हलकाच फोडीन.”

हेमलाने दार लावून घेतले. महिनाभराने टपरीचे सामान बैलगाडीत घालून तो जऊळक्याला गेला. तिथे रेल्वे स्टेशन होते आणि त्याला कोणी ओळखत नव्हते.

मुंबईला ते गेले, पण वर्षभरात नाही. दोन वर्षे लागली. ते उलट फिरणारे चाक आणि त्याची सायकल एका खेळवाल्याला विकली, कमलीबाईच्या दंडातल्या चांदीच्या वाक्या विकल्या, तरी सहा महिन्यांऐवजी सात आठवडेच राहता आले. डाव्या खुब्याचा सांधा आखडला होता. तो सुटला नाही. घोंगडीची घडी कशी लावायची म्हणजे पाठ सरळ राहते, हनुवटी कशी धरायची म्हणजे घास उतरतो, एवढे आईबापांना शिकवण्यात आले. मोती आता दोन्ही हातांनी पितळी पेला धरते. निम्मे पाणी सांडते. हेमला त्याला प्रगती म्हणतो आणि ती मोजूनमापून तेवढीच आहे.

मारोतरावांच्या कमिटीने संशोधनाला काय पाठवले, ते रिसोडमध्ये कोणी विचारत नाही. खुर्ची जिथे होती तिथे शेंदूर फासलेला दगड आहे आणि वर मारोतरावांच्या नावाचे पत्र्याचे छप्पर. बाजाराच्या दिवशी तिथे फुटलेल्या नारळांना मुंग्या लागतात. आसपासच्या चाळीस गावांतून लोक येतात.

त्यांतले काही जऊळक्याला गाडीतून उतरतात आणि भाड्याने सायकल घेऊन पुढे जातात. हेमलाच्या दुकानात एकाही सायकलला घंटी नाही. भाड्याच्या सायकलींच्या त्याने काढून टाकल्या आहेत, आणि दुरुस्तीला येणाऱ्या सायकलची घंटी तो आधी काढून मालकाच्या हातात देतो. मागच्या चैत्रात एक जोडपे आपली सायकल घेऊन आले. कॅरिअरला पिशवी, पिशवीत नारळ.

“रिसोडले चाल्लो, मिस्तरी. हवा भरा. सायकलवाल्या मायपाशी नवस हाये. लय कडक देवी हाये म्हनते.” आणि बोलता बोलता त्याने घंटी वाजवली.

आतल्या खोलीत पितळी पेला फरशीवर पडला.

हेमलाने पंप खाली ठेवला. पान्याने घंटी सोडवली आणि त्या माणसाच्या हातात दिली. मग दोन्ही चाकांत हवा भरली, टायर अंगठ्याने दाबून पाहिले आणि पिशवीकडे बोट दाखवून म्हणाला, “नारळ घरी नेऊन खा.”

“असं काहून म्हनता, मिस्तरी? देवीचा हाये तो.”

“तिनं आत्ताच पेला पाडला ना, तुमच्या घंटीनं. आता नारळ कायले?” हेमला म्हणाला आणि फरशी पुसायला आत गेला. त्या माणसाला काही समजले नाही. त्याने घंटी खिशात घातली, बायकोला मागे बसवले आणि रिसोडचा रस्ता धरला.